एका अर्जामागची साक्ष

इराकच्या संसदेने १ मार्च २०२१ रोजी अत्याचारातून वाचलेल्या यझिदी, म्हणजे उत्तर इराकमधल्या एका धार्मिक अल्पसंख्य समाजातल्या, स्त्रियांसाठीचा भरपाईचा कायदा संमत केला, तेव्हा मी मुंबईत पोलीस ठाण्याशी जोडलेल्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षात समुपदेशक म्हणून काम करत होते आणि तो कायदा माझ्यासाठी वर्तमानपत्रातली एक बातमी होता. पुढे एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या वतीने इराकी कुर्दिस्तानातल्या दुहोक प्रांतात काम करण्याची संधी मिळाली, आणि त्याच कायद्याखाली अर्ज करणाऱ्या स्त्रियांना कागदपत्रे जमवण्यापासून निर्णय हाती पडेपर्यंत सोबत करणे ही माझी जबाबदारी झाली. त्यांतल्या एका बाईंच्या अर्जाची ही हकिकत मी त्यांच्या संमतीने लिहीत आहे. त्यांची ओळख पटेल असे नाव, गाव, वय आणि कुटुंबाचा तपशील मी वगळला आहे. त्यांच्यावर काय अत्याचार झाले तेही या लेखात नाही. ज्यांनी ते ऐकणे आवश्यक होते त्यांनी ते ऐकले आहे, आणि आपण सर्वांनी ते पुन्हा ऐकल्याने त्यांचे काही भले होणार नाही.

३ ऑगस्ट २०१४ च्या पहाटे इस्लामिक स्टेटने, म्हणजे तिथले लोक ज्यांना दाइश म्हणतात त्यांनी, यझिदींची मुख्य वस्ती असलेल्या सिंजारवर हल्ला केला. तिथे तैनात असलेले कुर्दिस्तानचे पेशमर्गा सैनिक रातोरात माघारी गेले होते. ज्यांना सिंजारच्या डोंगरावर पोहोचता आले ते उन्हातान्हात तिथे अडकून पडले. ज्यांना पोहोचता आले नाही त्यांच्यातले पुरुष आणि स्त्रिया वेगळे केले गेले. पुरुषांना गोळ्या घातल्या, तरुण स्त्रिया आणि मुली गुलाम म्हणून विकल्या, लहान मुलांना लष्करी छावण्यांत नेले, आणि कोचो गावातल्या ज्या वयस्क स्त्रिया विक्रीयोग्य वाटल्या नाहीत त्यांना सोलाघ इथे ठार करून एकाच खड्ड्यात पुरले. दुहोकमधल्या अपहृतांच्या सुटकेसाठीच्या कार्यालयाच्या नोंदींनुसार ६,४१७ यझिदींचे अपहरण झाले. त्यांतले साडेतीन हजारांहून अधिक परतले, आणि सुमारे २,६०० जणांचा अद्याप पत्ता नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सीरियाविषयक चौकशी आयोगाने जून २०१६ मध्येच याला वंशसंहार ठरवले होते.

ज्या बाईंविषयी लिहीत आहे त्या २०१९ च्या वसंतात सुटल्या. सीरियातले बागूझ हे दाइशच्या ताब्यातले शेवटचे गाव पडले, तिथून हजारो स्त्रिया-मुलांबरोबर त्यांनाही अल-होल छावणीत नेण्यात आले, आणि हसाका भागातल्या यझिदी कार्यकर्त्यांनी त्यांना शोधून काढून सीमेपलीकडे घरी पाठवले. परतल्यावर त्या लालिश या यझिदींच्या सर्वांत पवित्र तीर्थस्थानी गेल्या आणि तिथल्या पांढऱ्या झऱ्याच्या पाण्याने त्यांना पुन्हा समाजात घेतले गेले. यझिदींचे तत्कालीन धर्मगुरू बाबा शेख यांनी बंदिवासातून परतणाऱ्या स्त्रियांना सन्मानाने स्वीकारण्याचे आवाहन २०१४ सालीच केले नसते, तर हजारो स्त्रियांना परतायला घर उरले नसते. बाईंच्या बाबतीत घर म्हणजे दुहोकमधल्या विस्थापितांच्या छावणीतली पत्र्याची एक खोली होती, आणि मी त्यांना भेटले तेव्हाही त्या तिथेच राहत होत्या.

नव्या कायद्याने त्यांना काय देऊ केले होते? किमान निवृत्तिवेतनाच्या दुपटीहून कमी नसेल असे मासिक वेतन, जमिनीचा तुकडा किंवा घर, वयाची अट न घालता शिक्षण, सरकारी नोकरीत २ टक्के राखीव जागा, उपचार आणि पुनर्वसन. हा कायदा यझिदींबरोबरच तुर्कमेन, ख्रिस्ती आणि शबक समाजांतल्या स्त्रियांना लागू आहे. शिवाय अपहरणाच्या वेळी १८ वर्षांखालील असलेली यझिदी मुले आणि सामूहिक कत्तलीतून वाचलेले पुरुषही त्यात येतात. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रियांना सरकारने दयेपोटी मदत न देता हक्क म्हणून भरपाई द्यावी, असे स्पष्टपणे मानणारे कायदे जगात फार थोडे आहेत. मला हा कायदा वाचताना सर्वांत जास्त आवडले होते ते हे, की भरपाई मिळण्यासाठी फौजदारी तक्रार केलीच पाहिजे अशी अट त्यात कुठेही नव्हती. महाराष्ट्रात बलात्कारपीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या मनोधैर्य योजनेच्या प्रकरणांत मी पाहिले होते की प्रत्येक मदतीची सुरुवात एफआयआरपासून होते, आणि मग ठाणे अंमलदार, डॉक्टर, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली जबाब घेणारे न्यायदंडाधिकारी, सरकारी वकील अशा प्रत्येकासमोर तीच मुलगी तीच घटना पुन्हा सांगते. दर सांगण्यागणिक तिचा आवाज बारीक होत जातो, आणि दोन सांगण्यांत किंचित फरक पडला तर तो उलटतपासणीत तिच्याच अंगावर येतो.

पहिल्या भेटीत मी बाईंना अत्याचाराविषयी काहीही विचारले नाही. आजवर तुम्ही हे कोणाकोणाला सांगितले आहे, एवढेच विचारले. माझ्या यझिदी सहकारीने कुरमांजीत, म्हणजे यझिदींच्या कुर्दी बोलीत, प्रश्न केला आणि बाई बोटांवर मोजू लागल्या. सीमेवर ज्यांनी नोंद केली ते, अपहृतांचे कार्यालय, वंशसंहाराचे पुरावे गोळा करणारा दुहोकचा आयोग, संयुक्त राष्ट्रांचे तपास पथक, एक डॉक्टर, दोन संस्था, आणि मग पत्रकार. पत्रकार किती हे त्यांना आठवत नव्हते. यांतल्या एकाही ठिकाणचा कागद त्यांच्याकडे नव्हता. प्रत्येकाने ऐकून लिहून घेतले होते आणि ते लिहिलेले आपापल्या कपाटात ठेवले होते. त्या दिवशी आम्ही कामाची दिशा ठरवली: आधी दिलेले जबाब शोधायचे, त्यांच्या प्रमाणित प्रती मिळवायच्या, आणि जिथे जिथे बाईंना बोलावले जाईल तिथे आधी तो कागद पुढे करायचा.

असा आग्रह धरण्याला आता आधार आहे. दाइशच्या बंदिवासातून सुटलेल्या, नोबेल शांतता पुरस्कार मिळालेल्या यझिदी कार्यकर्त्या नादिया मुराद यांच्या नावाने ओळखली जाणारी, एप्रिल २०२२ मध्ये जाहीर झालेली संहिता हेच सांगते की अत्याचारातून वाचलेल्या व्यक्तीची मुलाखत घेण्यापूर्वी ती माहिती दुसरीकडून मिळू शकते का हे पाहावे, तिची संमती प्रत्येक वापरासाठी वेगळी घ्यावी, आणि नाही म्हणण्याचा तिचा हक्क शेवटपर्यंत अबाधित ठेवावा. वाचायला हे साधे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक कार्यालयाला आपला जबाब आपण स्वतः घ्यावासा वाटतो.

कागदपत्रांची अडचण अर्जाच्या पहिल्या ओळीपासून सुरू झाली. पळताना आणि बंदिवासात ओळखपत्रे गेली होती. इराकमध्ये नवे ओळखपत्र काढायचे तर वडील किंवा भाऊ यांची कागदपत्रे लागतात, आणि बाईंच्या घरातले पुरुष तर बेपत्ता होते. बेपत्ता माणसाचा मृत्युदाखला अवशेषांची ओळख पटल्याशिवाय मिळणे दुरापास्त, आणि ओळख पटायची तर सामूहिक कबर उकरली जाऊन हाडांचे नमुने बगदादच्या न्यायवैद्यक विभागात जुळायला हवेत. कोचोतले उत्खनन १५ मार्च २०१९ ला सुरू झाले आणि ओळख पटलेल्या पहिल्या १०४ जणांचे दफन गावात झाले ते ६ फेब्रुवारी २०२१ ला. यावरून या कामाची गती लक्षात यावी. शेवटी एका चुलत्याच्या जुन्या नोंदवहीतल्या उताऱ्यावरून वाट निघाली.

मग जन्मतारखेचा घोळ निघाला. एका कागदावर १ जुलै होती, दुसऱ्यावर वेगळाच महिना. इराकमध्ये ज्यांची नेमकी जन्मतारीख ठाऊक नसते त्यांची १ जुलै लिहिण्याची पद्धत आहे, आणि त्यामुळे निम्मे गाव एकाच दिवशी जन्मलेले दिसते. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेला १ जून ज्यांच्या दाखल्यावर आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. दुहोकमध्ये मात्र याच तफावतीमुळे एखादा अर्ज महिनोन् महिने अडकतो. नावाचेही तसेच. स्वतःचे, वडिलांचे आणि आजोबांचे अशी तीन नावे लागतात; ती कुर्दी उच्चाराप्रमाणे एका कार्यालयात एका तऱ्हेने आणि अरबी लिपीत दुसऱ्या कार्यालयात दुसऱ्या तऱ्हेने लिहिली गेलेली असतात.

सर्वांत नाजूक काम होते ते तारखांचे. अपहरणाचा दिवस सगळ्यांना पाठ असतो. त्यानंतरची साडेचार वर्षे मात्र बाईंच्या मनात तारखांनी लावलेली नव्हती, आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदींत वेगवेगळे महिने पडले होते. परक्या अधिकाऱ्याला ही तफावत म्हणजे खोटेपणा वाटू शकते. म्हणून आम्ही खोलीच्या जमिनीवर लांब कागद अंथरला आणि त्यावर जगाला ठाऊक असलेल्या घटना आधी लिहिल्या: ऑक्टोबर २०१६ मध्ये मोसुलची लढाई सुरू झाली, जुलै २०१७ मध्ये शहर मुक्त झाले, ऑगस्टमध्ये तल अफर, ऑक्टोबरमध्ये रक्का, मार्च २०१९ मध्ये बागूझ. मग बाई सांगू लागल्या. त्यांना ज्या घरांत ठेवले होते तिथे रमजान पाळला जात असे, त्यामुळे वर्षांची गणना त्यांच्याकडे पक्की होती. कोणत्या रमजानात आपण कोणत्या शहरात होतो, कोणत्या हिवाळ्यात विमानांचे हल्ले रात्रभर चालले, कोणत्या उन्हाळ्यात पूल पडल्यामुळे होडीतून नेले, हे त्या एकेक सांगत गेल्या आणि माझी सहकारी कागदावर खुणा करत गेली. बोलणे शहरांविषयी, ऋतूंविषयी, रस्त्यांविषयी होते. कोणाच्या घरात काय घडले हे विचारण्याची एकदाही गरज पडली नाही. शेवटी त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे मी विसरले नव्हते. माझ्याकडे फक्त कॅलेंडर नव्हते.” आम्ही त्या कागदावरून एक पानी कालक्रम तयार केला, जुन्या नोंदींतल्या तफावती कुठे आणि का आहेत याचे टिपण त्याला जोडले, आणि तो पुढे प्रत्येक कार्यालयात उपयोगी पडला.

अर्ज ऑनलाइन भरण्याची सोय सप्टेंबर २०२२ पासून झाली होती, आणि ती किती मोलाची आहे हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. या कायद्यासाठी स्थापन झालेल्या संचालनालयाचे मुख्य कार्यालय मोसुलमध्ये आहे. ज्या शहराच्या बाजारात आपल्याला विकले गेले त्या शहरात अर्ज घेऊन जायचे, या कल्पनेनेच कित्येक जणी मागे फिरल्या असत्या.

अर्ज गेला, आणि तिथून पुढे खरी कसोटी लागली. अर्जांचा निर्णय करणाऱ्या समितीने तपास न्यायालयातली कागदपत्रे मागायला सुरुवात केली, म्हणजे अर्जदार स्त्रीने आधी फौजदारी तक्रार नोंदवून तिथे जबाब द्यावा अशी अपेक्षा होऊ लागली. कायद्यात नसलेली ही अट व्यवहारात आली, तेव्हा इराकी आणि आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संघटनांनी तिच्यावर जाहीर आक्षेप घेतला. अटीमागची भीती मी समजू शकते: खोटे अर्ज येतील, सरकारी पैसा चुकीच्या हाती जाईल. पण ज्या स्त्रीची नोंद अपहृतांच्या कार्यालयात आहे, जिची सुटका कागदोपत्री सिद्ध आहे, तिने पुन्हा न्यायालयात जाऊन बलात्काराचे वर्णन केल्याने पुराव्यात काय भर पडते? आणि तक्रार तरी कशासाठी? इराकच्या फौजदारी कायद्यात वंशसंहार हा गुन्हाच नाही. दाइशच्या लोकांवर खटले चालतात ते २००५ च्या दहशतवादविरोधी कायद्याखाली, मुख्यतः संघटनेचे सदस्य असल्याबद्दल, आणि बहुतेक वेळा एकाही यझिदी स्त्रीला साक्षीला न बोलावता. मार्च २०२० मध्ये बगदादच्या न्यायालयात एका यझिदी तरुणीने आरोपीसमोर उभे राहून साक्ष दिली आणि त्याला शिक्षा झाली, ही घटना जगभर गाजली ती दुर्मीळ होती म्हणूनच. वंशसंहाराच्या आरोपाखाली दाइशच्या सदस्याला पहिली शिक्षा झाली ती इराकमध्ये नव्हे, जर्मनीत, फ्रांकफुर्टच्या न्यायालयात ३० नोव्हेंबर २०२१ रोजी; फलुजाच्या उन्हात साखळीने बांधून ठेवल्याने दगावलेल्या पाच वर्षांच्या मुलीच्या आईने त्यासाठी दिवसामागून दिवस साक्ष दिली होती. त्या आईच्या साक्षीतून जन्मठेप झाली. आमच्या बाईंच्या जबाबातून एक शिक्का मिळणार होता.

बाईंनी दोन दिवस विचार केला आणि जायचे ठरवले. आम्ही न्यायाधीशांना आगाऊ पत्र दिले. दुहोकच्या आयोगासमोर २०१९ साली दिलेल्या जबाबाची प्रमाणित प्रत आम्हाला तोवर मिळाली होती. ती जोडून विनंती केली की हाच जबाब ग्राह्य धरावा, बाईंना तो फक्त वाचून दाखवून कायम करून घ्यावा, आणि त्या वेळी खोलीत अनावश्यक कोणी नसावे.

न्यायालयाच्या कचेरीत सुरुवात वाईट झाली. टेबलामागच्या कारकुनाने आमचा कागद उघडला आणि रांगेतल्या पुरुषांदेखत विषयाची ओळ मोठ्याने वाचली. माझ्या सहकारीने तत्काळ कागदावर हात ठेवला आणि शांतपणे सांगितले की हे प्रकरण थेट न्यायाधीशांकडे जायचे आहे. बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी त्यांना विचारले की परत जायचे का, आज गेलो तरी काही बिघडणार नाही. त्यांनी मान हलवली, पण जाण्यासाठी नव्हे.

न्यायाधीश वयस्क गृहस्थ होते. त्यांनी पत्र वाचले, शिपायाला दार लावून बाहेर थांबायला सांगितले, आणि जुना जबाब पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात वाचला. आम्ही सगळे गप्प बसलो होतो. मग त्यांनी बाईंना नाव विचारले, अपहरणाचा दिवस विचारला, सुटकेचा दिवस विचारला, आणि शेवटच्या पानावरचा अंगठा दाखवून विचारले, “हे तुम्हीच सांगितले आहे ना?” बाई म्हणाल्या, “हो, आणि ते खरे आहे.” “मग मी तुम्हाला आणखी काही विचारणार नाही,” असे म्हणून त्यांनी कागद लेखनिकाकडे दिला. माझ्या सगळ्या नोकरीत एखाद्या न्यायालयीन दालनात मला इतके समाधान क्वचितच वाटले असेल. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका अर्जदार मुलीला दुसऱ्या न्यायालयात सगळे नव्याने सांगावे लागले, आणि त्यानंतर ती कित्येक रात्री झोपली नाही. म्हणजे एका स्त्रीचे काय होणार हे तिच्या वाट्याला कोणता न्यायाधीश येतो यावर अवलंबून राहिले, आणि कायदा असताना असे होणे मला अजूनही सहन होत नाही.

निर्णय अनुकूल आला. मासिक सुमारे ८ लाख दिनार बँकेच्या कार्डावर जमा होऊ लागले. बाईंनी पहिल्या पैशांतून दातांचे उपचार करून घेतले, कारण बंदिवासातल्या मारहाणीपासून त्यांना एका बाजूने खाता येत नव्हते. जमिनीचा तुकडा मात्र अजून कागदावर आहे, आणि त्याच सुमारास सरकारने ३० जुलै २०२४ पर्यंत छावण्या बंद करण्याचे जाहीर केले. परत जाणाऱ्या कुटुंबाला ४० लाख दिनारांचे अनुदान देऊ केले. ज्या गावात छप्पर, दवाखाना आणि शाळा नाही तिथे जाण्यासाठी ही रक्कम पुरेशी आहे असे मला कोणीही सांगितले नाही. मुदत पुढे सैल झाली, छावण्या राहिल्या, आणि लोकांची टांगती अवस्थाही राहिली.

काही जणींनी अर्ज करायलाच नकार दिला, हेही लिहिले पाहिजे. एकीला वाटत होते की सरकारी यादीत नाव आले की लग्नाच्या वेळी ते निघेल. दुसरीचे बंदिवासात झालेले मूल तिच्याबरोबर होते, आणि त्याच्याविषयी हा कायदा एक शब्दही बोलत नाही. इराकी नियमांनुसार अशा मुलाची नोंद मुसलमान म्हणून होते, आणि यझिदी धर्मपरिषदेने २०१९ साली अशा मुलांना समाजात सामावून घेण्यास नकार दिला. आपले मूल सोडले तरच आपल्याला घर, अशी निवड कोणत्याही आईपुढे ठेवली जाऊ नये, आणि या प्रश्नावर समाजाच्या दुःखाविषयी पूर्ण आदर ठेवूनही मी त्या आयांच्या बाजूने आहे. अर्ज न करणाऱ्यांची मने वळवण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही. कायदा काय देतो आणि त्यासाठी काय द्यावे लागते, दोन्ही सांगितले आणि थांबलो.

बाईंचे प्रकरण आम्ही बंद केलेले नाही, कारण १७ सप्टेंबर २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या तपास पथकाची मुदत संपली. सुरक्षा परिषदेने २०१७ साली स्थापन केलेल्या या पथकाने गोळा केलेल्या साक्षी कोणाच्या ताब्यात जाणार, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. इराकमध्ये फाशीची शिक्षा आहे आणि संयुक्त राष्ट्रांचा तिला विरोध आहे, त्यामुळे साक्षी इराकला द्याव्यात का हा पेच होता; शिवाय साक्ष देताना अनेक स्त्रियांना गोपनीयतेची हमी दिली गेली होती. बाईंनी आमच्या कार्यालयात येऊन एक पत्र सांगितले, सहकारीने ते अरबीत लिहिले आणि मी इंग्रजीत. माझी साक्ष कुठे आहे ते मला कळवावे. ती कोणत्याही देशाच्या न्यायालयाला देण्यापूर्वी मला विचारावे. जिथे गुन्हेगारावर वंशसंहाराचा आरोप ठेवला जाणार असेल तिथे मी स्वतः येऊन बोलेन, आणि जिथे फक्त शिक्का हवा असेल तिथे माझा २०१९ चा जबाब वाचावा. पत्रावर त्यांनी अंगठ्याऐवजी सही केली, कारण छावणीतल्या प्रौढ वर्गात त्या आता लिहायला शिकत आहेत. पत्राच्या प्रती जिथे जिथे जायला हव्या तिथे पाठवल्या आहेत, आणि दर महिन्याला विचारणा करण्याचे काम माझ्या सहकारीने अंगावर घेतले आहे.